कळांची वही

सोमवार, ४ तारीख

पोचले एकदाची. तीन तास गाडीत बसून पाय पावासारखे फुगलेत, पण खोली बघितली आणि सगळा शीण गेला. वरच्या मजल्यावरची, कोपऱ्यातली, पांढऱ्याशुभ्र चादरीची खोली. खिडकीतून समोरचं गाड्या धुवायचं दुकान दिसतं. मला अशी कामं बघत बसायला आवडतं. पहिल्या अर्ध्या तासातच माझ्या लक्षात आलं की एक गाडी अकरा मिनिटांत धुऊन होते आणि त्यातली चार मिनिटं नुसता पाइप सोडवण्यात जातात. सवय जात नाही. कपड्यांच्या कारखान्यात सात वर्षं मी हातात घड्याळ धरून शिवणाऱ्या बायकांच्या मागे उभी राहिलेय. कोण किती सेकंदांत बाही लावते ते टिपायचं, हेच काम. तिथे मला सगळ्या 'मिनिटवाली' म्हणतात, तेही तोंडावर.

प्रसूतिगृह लहानसंच आहे. खाली प्रसूतीची खोली आणि बाळंतिणींच्या चार खोल्या. वर तीन खोल्या आमच्यासारख्यांसाठी, म्हणजे ज्यांचं घर लांब आहे किंवा घरात बघणारं कोणी नाही अशांसाठी. माझ्या बाबतीत दोन्ही खरं आहे. नवरा बोटीवर आहे, अजून सात आठवडे तरी त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. आईला जाऊन चार वर्षं झाली. सासूबाईंनी फोनवर कळवलं की त्यांच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत. असो. दोन आठवड्यांनी मी एकटी नसेन. माझं म्हणावं असं एक माणूस या जगात असेल, आणि हे लिहितानाही मला गुदगुल्या होतात.

डॉक्टरीणबाई गोड बोलतात. म्हणाल्या, इथे कोणालाही दुखत नाही. सुई नाही, गॅस नाही, आमची पद्धत वेगळी आहे. पाच कागदांवर सह्या घेतल्या. कारखान्यात मी बटणांच्या खोक्याची पोचसुद्धा वाचल्याशिवाय सही करत नाही, पण आज पाय ठणकत होते आणि समोर पलंग दिसत होता. मग सिस्टरांनी एक निळी वही आणि सेकंदकाट्याचं घड्याळ दिलं. कळ आली की कधी आली, किती सेकंद टिकली, कुठून निघून कुठे गेली, ते नीट लक्ष देऊन टिपायचं. मी म्हटलं, सिस्टर, अगदी योग्य बाईला दिलीत. त्या हसल्या.

बुधवार, ६

वरच्या बाकीच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. दिवसभरात माझ्याशी बोललेली माणसं दोन. एक सिस्टर, दुसऱ्या झाडलोट करणाऱ्या मावशी. त्यामुळे मी पोटाशी बोलते. त्याला गाड्या मोजून दाखवते. ते लाथ मारतं, म्हणजे माझी गणती पटली असं मी धरून चालते.

खाली बँकेत काम करणारी एक बाई आहे, तिचे दिवस भरलेत. तिच्या खोलीत आई, नणंद, नवरा, आणखी कोण कोण. बसायला तिचा पलंगच उरतो. मी दारातून जाताना तिने हात केला. मला दोन मिनिटं तिथे उभं राहावंसं वाटलं, पण सगळे एकदम गप्प झाले आणि मी पाणी प्यायला आले होते असं दाखवून परत फिरले.

गुरुवार, ७

सकाळी १०:१० ला पहिली कळ. कमरेतून निघाली, दोन्ही अंगांनी पुढे आली, ओटीपोटात आवळली आणि सुटली. ४२ सेकंद. लगेच टिपली. १०:१८ ला दुसरी, ४५ सेकंद. मग टिपतच गेले. बारापर्यंत माझं अक्षर जागेवर होतं, नंतर त्याचाही तोल गेला. दीड वाजता मी पलंगाची दांडी धरून जमिनीवर बसले होते आणि बोटीवरच्या माणसाचा उद्धार करत होते. सिस्टर दोनदा येऊन वही बघून गेल्या. छान लिहिताय म्हणाल्या. मला खाली न्या म्हटलं तर अजून वेळ आहे म्हणाल्या. २:३८ ला वाटलं की आता मी मधोमध फाटणार, आणि तेवढ्यात सगळं थांबलं. नळ बंद केल्यासारखं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पिशवीचं तोंड उघडलेलंच नाही. बाळ मजेत आहे. या खोट्या कळा, पहिलटकरणीला येतात. साडेचार तास खोट्या! त्या गेल्यावर मावशी चहा घेऊन आल्या, तर मी त्यांचाच हात धरून रडले. मला वाटलं होतं की अशा वेळी कोणीतरी असतं.

मावशींनी बातमी दिली. खाली बँकवाली मोकळी झाली, मुलगा झाला, अडीच वाजून गेल्यावर. हूं नाही की चूं नाही, शेवटपर्यंत मोबाइलवर पत्ते खेळत होती. सुंठीवाचून खोकला गेला तिचा. मला हेवा वाटला, हेही लिहून ठेवते.

शुक्रवार, ८

बाळ बघायला गेले. घरची मंडळी बाहेर चहाला गेली होती. बाळ पाळण्यात किंचाळत होतं आणि बँकवाली त्याच्याकडे बघत होती, काउंटरवर कोणी विसरून गेलेल्या पिशवीकडे बघावं तशी. घेऊ का, म्हटलं. घ्या ना, म्हणाली.

मी उचललं आणि ते गप्प झालं. एकदम गप्प. एक दिवसाचं बाळ, त्याला काय दिसणार, पण ते माझ्याकडे बघत राहिलं. बँकवाली म्हणाली, आल्यापासून रडतंय, कोणाकडे राहत नाही, तुमच्याकडे कसं राहिलं. मी फुशारून गेले. चांगला पाऊण तास घेऊन बसले. तिने एकदाही परत मागितलं नाही. आपला तो बाब्या असं जग म्हणतं, पण हिला तिच्या बाब्याबद्दल विचारलं तर म्हणाली, छान आहे, गोड आहे हो. बाळंतपणाने माणूस दमत असणार.

शनिवार, ९

सकाळी खाली ते रडायला लागलं आणि वर माझा गाऊन छातीवर भिजला. मावशी म्हणाल्या, होतं कधी कधी लवकर. मी खाली गेले, घेतलं, ते थांबलं.

त्याला घेऊन उभी असताना पलंगाच्या पायथ्याशी लटकवलेली कागदाची पट्टी दिसली. प्रसूतीच्या वेळी पोटाला लावलेल्या यंत्रातून निघते ती. प्रत्येक कळेचा डोंगर आणि खाली वेळ. मला आकडे दिसले की वाचल्याशिवाय राहवत नाही. १०:१०. १०:१८. १०:२५. वर जाऊन निळी वही आणली. तिच्या कळा एक्कावन्न. माझ्या एक्कावन्न. सेकंदाला सेकंद.

कारखान्यात दोघींचे आकडे असे जुळले की मला कळायचं, एकीने दुसरीचं उतरवून काढलंय. इथे कोण कोणाचं उतरवणार? ती पत्ते खेळत होती. मी वर जमिनीवर होते.

सिस्टरांना विचारलं. योगायोग, म्हणाल्या. आणि वही खाली ठेवू नका, जपा.

रविवार, १०

बँकवाली घरी गेली. मी जिन्यावर उभी होते. नणंदेच्या हातात बाळ होतं आणि त्याने मान माझ्याकडे वळवून आकांत मांडला होता. बँकवाली पुढे जाऊन गाडीत बसलीसुद्धा. पिशव्या मोजून घेतल्या का, असं तिने विचारलेलं मला ऐकू आलं.

माझ्या पोटात तुटलं. अक्षरशः. स्वतःचं बाळ आत लाथा मारतंय आणि मी दुसरीच्या बाळासाठी भिंतीला डोकं टेकून उभी. नवऱ्याला फोन लावला, लागला, मी सांगायला सुरुवात केली आणि मध्येच समुद्राने गिळला. पुन्हा लागला नाही. दर तीन तासांनी छाती दाटून येते. त्या बाळाच्या दुधाच्या वेळा आहेत या.

मंगळवार, १२

खाली एक शाळेतल्या बाई आल्या सकाळी. सव्वाअकराला माझ्या कमरेत कळ निघाली. मी वही उघडली, पेन टेकवलं आणि थांबले. मनात म्हटलं, बघू तर खरं. वही मिटली. घड्याळ उशीखाली ठेवलं. खिडकीत जाऊन गाड्या बघत उभी राहिले, मुद्दाम, दुखण्याकडे लक्षच दिलं नाही.

कळ विरली. आणि खालून किंकाळी आली.

अशी किंकाळी मी कधी ऐकली नव्हती. बाईंना दुखणार नाही असं सांगितलेलं, त्यांची तयारीच नव्हती. चार मिनिटं. मग सिस्टर जिना चढून धावत आल्या, धापा टाकत. लिहा म्हणाल्या. मी नाही म्हटलं. त्यांनी वही उघडून माझ्या मांडीवर ठेवली आणि सांगितलं की दुखणं असं हवेत विरत नाही, ते कुठेतरी जावंच लागतं. जी त्याच्याकडे लक्ष देते तिच्याकडे जातं. वही आम्ही उगाच देत नाही. आणि आजवर तुमच्याइतकं नेमकं कोणी टिपलं नव्हतं, म्हणून तर खाली इतकं शांत होतं.

खाली बाई देवाला हाका मारत होत्या. माझ्याच्याने ऐकवेना. मी लिहिलं. ११:२३, ५० सेकंद. खाली शांत झालं.

तीन वाजेपर्यंत लिहिलं.

बुधवार, १३

मुलगी झाली त्यांना. सकाळी बघायला गेले. बाई चहा पीत होत्या, प्रसन्न. पाळण्याकडे बघून मला विचारलं, ही कोणाची?

मुलगी माझ्याकडे आली आणि गप्प झाली.

काल मी दया केली असं मला वाटत होतं. त्या चार मिनिटांपुरती तरी ती मुलगी त्यांची होती. बाकीचं मी वर बसून, सुवाच्य अक्षरात, काढून घेतलं. दुखण्याबरोबर ते दुसरंही निघून येतं, जे आईकडे राहायला हवं ते. ते आता माझ्याकडे आहे, दोन-दोन बाळांचं, आणि बाळं लोकांची.

डॉक्टरीणबाईंना सरळ सांगितलं की मला माझं दुखणं हवंय. पुरेपूर. या मुलाशिवाय मला कोणी नाही, ते मला परकं करून चालणार नाही. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, प्रत्येक पहिलटकरीण असंच म्हणते, पाचव्या तासापर्यंत. आणि बाळाचं काही वाईट होत नाही, त्याला कोणाचं तरी प्रेम मिळतंच.

बॅग भरली. गाडीवाल्याला फोन केला. नवव्या महिन्यातली बाई एकटी, तीन तासांचा रस्ता, मी नेणार नाही म्हणाला. सासूबाईंना केला. त्या म्हणाल्या, पहिल्या वेळी असे भ्रम होतात, डॉक्टरांचं ऐक. नवरा लागला नाही. भरलेली बॅग मांडीवर घेऊन बराच वेळ पलंगावर बसले होते. जायचं कोणाकडे हा प्रश्न होता.

गुरुवार, १४

शेजारच्या खोलीत नवी मुलगी आली. बारीक, चष्मा लावणारी. औषधांच्या दुकानात गोळ्या मोजून देते. तिच्याबरोबरही कोणी नाही. का, ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिच्या उशाशी निळी वही होती. पहिल्या पानावर तिने पट्टीने रकाने आखले होते. मी दार लावून तिच्या पलंगावर बसले.

सगळं सांगितलं तिला. ती वेड्यात काढेल असं वाटलं होतं, पण तिने शांतपणे ऐकलं आणि चष्मा पुसत बसली. मी तिच्याकडून वचन घेतलं: माझ्या वेळी वही उघडायची नाही, काहीही कानावर आलं तरी. मीही तुझ्या वेळी उघडणार नाही, म्हटलं. ती म्हणाली, पण मला दुखायला नकोच आहे, ताई. मग थोड्या वेळाने म्हणाली, बरं, तुमच्या वेळी नाही उघडणार. माझ्या हातावर हात ठेवला.

आम्ही दोघींनी तिच्या खोलीत चहा घेतला. इथे आल्यापासून पहिल्यांदा कोणाबरोबर तरी बसून प्यायले.

शुक्रवार, १५

काही नाही. पोट खाली उतरलंय. झोप नाही. माझ्या निळ्या वहीची मी सगळी पानं फाडून टाकली, ही डायरी तेवढी ठेवली.

शनिवार, १६

७:०५ — आली. खरी. माझी. शेजारी कोणी लिहीत नाही, दार उघडं ठेवून बघितलं. चष्मेवाली वहीवर बसून आहे.

८:३० — खाली आणलं. सिस्टर म्हणाल्या डायरी नको. मी सोडली नाही. माझ्या कळा मीच टिपणार, माझं लक्ष माझ्याकडे. ४८ सेकंद.

९:४० — ५५ सेकंद. आई गं. पण माझी आहे. मी हसले तर सिस्टर बघत राहिल्या. बाळा, हे बघ, मी आहे इथे, सगळी.

११:०२ — ७० — कमरेत कोणी लोखंड — नाही, उपमा नको. दुखतंय. दुखतंय एवढंच.

१२:१५ — पेन धरवत नाही. कोणी हात धरा म्हटलं. सिस्टर कागद बघतायत. मावशी कुठे आहेत विचारलं. कामात. आई, तू का —

१२:४० — विचारतात, वर लिहायला सांगू का. नाही.

१:०५ — परत विचारलं. नाही. नाही म्हटलं ना.

१:१२ — सुटतच नाही आता. एकातून दुसरी. मोजता येत नाही —

१:२० — मी ओरडले. लिही म्हणून. वर जाईल एवढ्याने. ती लिहीना, पोरगी शब्द पाळत होती. मी तिला नाही नाही ते बोलले. तिच्या पोटातल्यालाही बोलले. लिही, लिही —

१:२३ — थांबलं.

१:३१ — पोट आवळतंय. दिसतंय. काही नाही. वर पलंग सरकतोय.

१:३५ — परत द्या म्हटलं. सिस्टर म्हणाल्या, मध्येच परत घेता येत नाही. मी मोजते. जोर लावून लक्ष देते. ४०, ४१, ४२. रिकामं. वर तिचा आवाज —

१:५८ — मुलगी. तीन किलो शंभर.

२:२० — छातीवर ठेवलीय. नाक तिच्या बाबासारखं. डाव्या कानाची पाळी दुमडलेली. सगळं बघतेय, एकही गोष्ट सोडत नाही. वाट बघतेय. आता येईल. सगळ्यांना येतं.

२:३० — नाही.

२:४५ — रडतेय. दूध आहे, तोंड लावत नाही. मान वळवते, सारखी वर. छताकडे. वर ती पण रडतेय, दुखणं तर संपलं असेल तिचं. इकडे बघ गं, मी आहे. सव्वासहा तास मी घेतले होते. तेवढी तरी — तेवढी तरी तू माझी —

३:०० — मावशी आल्या. जरा वर नेऊ का विचारतात, गप्प होईल म्हणे. नको म्हणायचं आहे. नकोच. एकदा वर गेली की — पण माझाच डावा हात पुढे झालाय, तिला घेऊन, आणि उजव्या हाताने मी अजून नको असं लिहितेय